एक माप कमी

आज साठी ओलांडलेल्या बहुतेक गृहस्थांनी सायकल शिकली ती वडिलांच्या किंवा दुकानातल्या दिवाणजींच्या काळ्या, उंच सायकलीवर. दांडीवरून पाय टाकणे शक्यच नसे. मग दांडीखालच्या त्रिकोणातून एक पाय पलीकडे घालून, अंग एका बाजूला कलते ठेवून, अर्धे अर्धे पायडल मारीत गल्ली पार केली जाई. सायकल मोठी आणि मूल लहान, हे त्या काळचे गृहीतच होते. मूल वाढे, सायकल तीच राही आणि एके दिवशी दोघांचे माप जुळे.

आज चित्र उलटे झाले आहे. दिवाळीला हौसेने घेतलेली जाड टायरांची, गिअरची सायकल दोन वर्षांत मुलाला लहान होऊ लागते. कधी ती धाकट्या काकांकडे येते, कधी मोठ्या बहिणीकडे. कधी घरातला कर्ता पुरुष डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून सकाळी दुकान उघडण्यापूर्वी तीच बाहेर काढतो. "थोडीशीच लहान आहे, सीट वर केली की झाले," हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण निम्मेच. उरलेल्या निम्म्याचा हिशेब पुढे गुडघ्याला, मनगटाला आणि क्वचित फ्रेमलाही द्यावा लागतो.

घोटाळ्याची सुरुवात आकड्यांपासून होते. जुन्या सायकलीला लोक 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' म्हणत, तेव्हा तो आकडा फ्रेमचा असे, म्हणजे पायडलांच्या आसापासून सीटच्या नळीच्या माथ्यापर्यंतच्या उंचीचा. चाके दोन्हींची सारखीच, अठ्ठावीस इंची. गिअरच्या सायकली आल्या आणि बोलीतला आकडा चाकाचा झाला: चोवीसची, सव्वीसची, साडेसत्तावीसची, एकोणतीसची. दुकानदार "कितीची दाखवू?" असे विचारतो, ग्राहक चाकाचा आकडा सांगतो आणि फ्रेमचे माप विचारायचे राहूनच जाते. वस्तुतः एकोणतीस इंची चाकाची सायकल लहान फ्रेममध्येही मिळते आणि मोठ्याही. कापड घेताना पन्हा विचारावा आणि किती मीटर ते विचारू नये, असे कोणी करीत नाही. सायकलीच्या दुकानात मात्र ते रोज घडते. फ्रेमचे माप बहुधा सीटच्या नळीवरच्या चिकटपट्टीवर असते, एस, एम, एल या अक्षरांत किंवा 15, 17, 19 अशा इंचांत. ते एकदा वाचून ठेवावे.

लहान फ्रेम दोन ठिकाणी कमी पडते: उंचीत आणि लांबीत. उंचीचा संबंध पायांशी आहे, लांबीचा धड आणि हातांशी. उंची भरून काढणे सोपे आणि स्वस्त असते. लांबी मात्र एका मर्यादेपलीकडे भरून निघत नाही. त्यामुळे लहान सायकल ठेवावी की सोडावी, याचा निर्णय लांबी पाहून करावा. प्रत्यक्षात बहुतेक घरांत तो उंचीवरच केला जातो.

वाढत्या मुलांच्या बाबतीत हा फरक फारच ठळक होतो. भराच्या काळात मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. मुलींची वाढ साधारण दोन वर्षे आधीच जोर धरते. या वाढीचा क्रमही ठरलेला असतो. पाय आधी लांब होतात, धड मागाहून येते. म्हणून प्रथम फक्त सीट खाली वाटू लागते. ती वर केली की मूल पुन्हा खूश होते आणि पालक निर्धास्त. त्यानंतर वर्षभरात पाठ लांबते, खांदे रुंदावतात आणि आता हँडलच पोटाशी आल्यासारखे होते. सीट वर करण्याचा उपाय एकदा लागू पडलेला असतो, त्यामुळे ती आणखी वर केली जाते. खरा त्रास इथून पुढे सुरू होतो.

सीट किती वर असावी, हे डोळ्यांनी ठरवण्याऐवजी मोजून ठरवावे. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पायांत वीतभर अंतर ठेवावे आणि दोन्ही मांड्यांच्या मधोमध एक सपाट वस्तू घट्ट वर दाबून तिच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची घ्यावी. सायकलीचे जाणकार या कामी एखादे पुस्तक घ्यायला सांगतात. जैन घरांत ज्ञानाची आशातना नको म्हणून लाकडी फळी किंवा मोठी पट्टी घ्यावी, माप तेच येते. या मापाला 0.883 ने गुणले की पायडलांच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. हा गुणक फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या पद्धतीतला. टूर द फ्रान्स तीन वेळा जिंकणारे अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे तो जगभर गेला. माप 82 सेंटिमीटर आले तर सीट सुमारे 72.4 सेंटिमीटरवर येते. हा हिशेब सपाट रस्त्यावरच्या सायकलीचा आहे, त्यामुळे खडबडीत वाटेवर जाणाऱ्याने त्यातून एखादा सेंटिमीटर कमी केला तरी चालते. गणित नको असेल तर सीटवर बसून टाच पायडलावर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली न्यावे. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलावर आणला की गुडघ्यात हवा तेवढा थोडासा बाक आपोआप राहतो.

सीट खाली राहिली तर प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागच्या भागावर दाब वाढतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणे हे त्याचे नेहमीचे लक्षण होय. सीट गरजेपेक्षा वर गेली तर दुखणे गुडघ्याच्या मागे जाते आणि चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते. वाढीच्या वयातील मुलांना वाटीच्या खाली, नडगीच्या माथ्यावर दुखण्याचा एक वेगळाच विकार होत असतो. त्यामुळे सीट बरोबर करूनही दुखणे राहिले तर सायकलीला दोष न देता मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

आता तो महत्त्वाचा दांडा. सीट ज्यावर बसवलेली असते त्या सीटपोस्टवर आडव्या रेघांची एक खूण कोरलेली असते. ही खूण फ्रेमच्या आत राहिलीच पाहिजे. ती बाहेर दिसू लागली की दांडा धोक्याच्या हद्दीत गेला. लहान फ्रेमवर उंच माणूस बसतो तेव्हा नेमके हेच होते. कारण साधे आहे. सीटपोस्ट ही एक तरफ आहे. वर बसलेल्या माणसाचे पंचाहत्तर किलो आणि खड्ड्यात बसणारे प्रत्येक धक्के त्या तरफेच्या वरच्या टोकावर येतात, आणि खाली नळीत दांडा जितका कमी शिरलेला तितका नळीच्या तोंडाशी ताण जास्त. खूण आत असली तरी आणखी एक गोष्ट पाहावी: दांड्याचे खालचे टोक दांडी जिथे सीटच्या नळीला जोडलेली असते त्या जोडाच्या खाली पोहोचले पाहिजे. ते जोडाच्या वरच राहिले तर नळीचा वर आलेला बोटभर तुकडा एकटाच सगळा भार सोसतो आणि चीर तिथूनच सुरू होते. लोखंडी फ्रेम पुष्कळदा वाकून सूचना देते, अॅल्युमिनियमची फ्रेम तेवढाही वेळ देईलच असे नाही. जोडापाशी रंगात केसासारखी रेघ दिसली किंवा जोर लावताना करकर ऐकू आली, तर ती सायकल त्या दिवसापासून उभी करावी.

यावर उपाय स्वस्त आहे. साडेतीनशे मिलिमीटरच्या दांड्याऐवजी चारशेचा घ्यावा. व्यास मात्र तोच हवा: 27.2, 30.9, 31.6 असे आकडे जुन्या दांड्यावर कोरलेले असतात आणि इथे मिलिमीटरच्या दशांशालाही किंमत आहे. बारीक दांड्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून तो बसवून देणारे कारागीर भेटतात. त्यांची कल्पकता मान्य केली तरी तो दांडा घेऊ नये. सीटही बदलणार असाल तर ती कशाची आहे हे विचारून घ्यावे. बाजारातील बहुतेक सीट कृत्रिम कातडीच्या असतात, पण जुन्या धाटणीच्या काही महागड्या सीट जाड, खऱ्या चामड्याच्या असतात आणि दुकानदार ते अभिमानाने सांगतो.

दांडा वर गेला की सीट फक्त वर जात नाही, मागेही सरकते, कारण सीटची नळी तिरपी असते. तिचा कोन साधारण त्र्याहत्तर अंशांचा धरला तर सीट पाच सेंटिमीटर वर गेल्यावर सुमारे दीड सेंटिमीटर मागे जाते. त्यामुळे हँडलपर्यंतचे अंतर थोडे वाढते. लहान फ्रेमच्या मालकाला फुकट मिळालेली ही भरपाई आहे, आणि 'सीट वर केली की झाले' हे वाक्य अर्धे खरे ठरते ते हिच्यामुळेच. पण भरपाईलाही किंमत आहे. वजन मागच्या चाकाकडे जाते आणि चढावर पुढचे चाक हलके होऊन उचलू लागते. सिंहगडाच्या घाटरस्त्यावर लहान सायकल घेऊन जाणाऱ्याला तीव्र वळणावर हँडल हातात फिरल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हे असते.

आता लांबीकडे वळता येईल. सायकल बनवणारे हल्ली फ्रेमची लांबी 'रीच' या मापाने सांगतात: पायडलांच्या आसातून एक उभी रेषा कल्पावी आणि तिथून हँडल ज्या नळीत बसते त्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर मोजावे. माणूस पायडलांवर उभा राहतो तेव्हा त्याला मिळणारी जागा ती एवढीच. सीट वर केल्याने, मागे सरकवल्याने हे अंतर कणभरही बदलत नाही. लांबी कमी पडल्याची लक्षणे ओळखणे अवघड नाही. हळू वळताना गुडघा हँडलला लागतो. काही फ्रेममध्ये बुटाचे टोक पुढच्या टायरला घासते. गर्दीच्या पेठेत, जिथे वेग कमी आणि वळणे फार, तिथे हे विशेष त्रासदायक. बसलेला माणूस बाजूने पाहिला तर पाठ कमानीसारखी फुगलेली आणि कोपरे बरगड्यांशी दिसतात. सीट वर आणि हँडल खाली अशी स्थिती झाली असेल तर अंगाचा भार तळहातांवर येतो आणि अर्ध्या तासात करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागते, कारण तळहातातून जाणारी एक नस दाबली जाते.

यातले काही सुधारता येते. हँडल आणि फ्रेम यांना जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, एक-दोन सेंटिमीटर लांब घेता येतो. मधून उंचावलेले हँडल लावले की तळहातांवरचा भार कमी होतो. साध्या सायकलींत स्टेमचा दांडा नळीतून वर ओढता येतो, मात्र त्यावरही सीटपोस्टसारखीच खूण असते आणि तीही आतच राहिली पाहिजे. स्टेम फार लांब केला तर सायकल वळायला आळशी होते आणि उतारावर वजन पुढच्या चाकावर जाते. एका मापापासून पुढच्या मापापर्यंत रीच साधारण दोन-अडीच सेंटिमीटरने वाढतो आणि चांगला स्टेमही तेवढेच भरून काढू शकतो. यावरून हिशेब उघड आहे. एक माप कमी असलेली सायकल, थोडा खर्च करून, पुष्कळ वर्षे चांगली चालते. दोन मापे कमी असलेली सायकल कितीही खर्च केला तरी बसत नाही. तिच्यावर पैसे घालणाऱ्याला दुकानात सांगणारा भेटेलच असे नाही.

सीट फार वर दिसली म्हणजे फ्रेम लहानच, असेही समजू नये. पहाडी सायकलीचा जन्मच तसा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, टॅमलपायस डोंगराच्या पायथ्याशी, 1970 च्या दशकात काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावर नेत आणि धुळीच्या वाटेने खाली सोडत. ऑक्टोबर 1976 मध्ये त्यांनी या उताराची पहिली शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यातच असे. एका उतरणीत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि तुंबा पुन्हा ग्रीसने भरावा लागे. त्यावरूनच त्या वाटेला 'रीपॅक' हे नाव पडले. त्याच गटातील जो ब्रीझ यांनी 1977 मध्ये खास या कामासाठी फ्रेम घडवली. त्यांची ती पहिली सायकल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. उतरताना सीट खाली आणि चढताना वर, ही या मंडळींची रोजची गरज. ब्रीझ यांनी जॉश एंजेल यांच्यासह 1984 मध्ये एक स्प्रिंग बाजारात आणली, ती लावली की सायकलीवरून न उतरता सीट खालीवर करता येई. आज हँडलवरची कळ दाबून सीट बसवणारे दांडे मिळतात, त्यांचा हा पूर्वज म्हणता येईल. अंगाखाली मोकळी जागा हवी म्हणून पहाडी सायकलीची दांडी खाली झुकली, सीटची नळी आखूड झाली आणि लांब सीटपोस्ट तिच्या रूपाचाच भाग बनली.

लांबीची दखल यानंतर घेतली गेली. त्याच मरिन गटातील गॅरी फिशर यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस फ्रेम लांब आणि स्टेम आखूड अशी रचना आणली. पुढच्या काळात सगळ्याच कंपन्या त्या दिशेने गेल्या. जुनी सायकल विकत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पंधरा वर्षांपूर्वीची एम आणि आजची एम यांच्या रीचमध्ये तीन-चार सेंटिमीटरांचा फरक सहज असतो, म्हणजे तेव्हाची एल आज एम ठरेल, कधी तिच्याहूनही आखूड. अक्षर तेच असले तरी माल तो नसतो. व्यापारी माणसाला हे सांगावे लागू नये, पण वापरलेल्या सायकलीच्या सौद्यात भले भले अक्षरावरच विश्वास ठेवतात. समजा, नवी ऐंशी हजारांची सायकल कोणी तीस हजारांत देत आहे. तिला दोन-तीन हजारांचा दांडा, स्टेम आणि हँडल लावून ती बसत असेल तर सौदा उत्तम. लावूनही बसत नसेल तर पन्नास हजार वाचलेले नसतात, तेहतीस हजार गेलेले असतात.

लहान फ्रेमचे काही गुणही आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. ती हलकी असते, चटकन वळते, थांबताना दोन्ही पाय जमिनीवर निश्चिंत टेकतात. दगडांवरून उड्या मारण्याचे कौशल्य दाखवणारे खेळाडू मुद्दाम लहान फ्रेम घेतात. पण ते बहुतेक वेळ उभेच असतात, त्यांना सीटशी कर्तव्य नसते. कोल्हापुराहून कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन येणाऱ्याचे तसे नाही. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, तीन-चार तास त्याच सीटवर बसायचे असते. अंगणात पाच मिनिटे फिरवून 'ठीक आहे' म्हणणे आणि हा प्रवास यांत फार अंतर आहे. सायकल ठेवायची की नाही हे ठरवण्यापूर्वी एकदा तरी तासाभराची फेरी करावी.

उतार हा लहान फ्रेमचा खरा कस. दोन चाकांमधले अंतर कमी, सीट उंच, हात पोटाशी, अशा स्थितीत पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. म्हणून तीव्र उतारापूर्वी थांबून सीट चार-पाच सेंटिमीटर खाली घ्यावी, ढुंगण मागे ठेवावे, दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरावेत. आणखी एक सवय लहान सायकलीवर लागते: मान खाली जाते आणि नजर पुढच्या चाकाच्या टायरवर खिळते. ईर्यासमितीत चार हात जमीन पाहून चालायला सांगितले आहे, पण ते पायी चालणाऱ्यासाठी. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्याला वाटेवरचा जीव चार हातांवर दिसून उपयोग नाही. त्याने वीस-पंचवीस पावले पुढे पाहिले तरच वाचवण्याइतका वेळ मिळतो. हँडल उंच केले की मान आपोआप उचलली जाते. चातुर्मासात ओल्या गवताच्या पायवाटा टाळून डांबरी रस्त्यावरच सायकल चालवणारी मंडळी आहेत. त्यांना जाड टायरांची गरजही कमी आणि फ्रेमच्या लहानपणाचा त्रासही कमी जाणवतो.

नवी सायकल घ्यावी की असलेली सुधारावी, या प्रश्नाला जैन घरांत एक वेगळी बाजू असते. परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्या श्रावकाने वस्तूंची मर्यादा ठरवलेली असते आणि सायकलही त्या मोजणीत येते. दुसरी घ्यायची तर पहिली देऊन टाकावी लागते. त्यामुळे असलेलीच चालवण्याकडे कल होतो, तो योग्यही आहे. मात्र त्या कलापायी पंधरा वर्षांच्या मुलाला दोन मापे कमी असलेल्या फ्रेमवर आणखी तीन वर्षे बसवणे, हे काटकसरीच्या खात्यात घालता येणार नाही. चुलत-मावस भावंडांत सायकली फिरत ठेवणारी कुटुंबे हा प्रश्न सहज सोडवतात. तेराव्या वर्षी एकाकडे, सोळाव्या वर्षी ती सायकल पुढच्याकडे आणि त्याच्यासाठी मोठी दुसऱ्या घरातून. यात एकच काम विसरले जाते. लहान सायकल पुढच्या मुलाकडे जाताना तिचा लांब केलेला स्टेम आणि चारशे मिलिमीटरचा दांडा तसाच जातो. नव्या मालकाच्या उंचीला सीट खाली घेऊ पाहता लांब दांडा नळीच्या तळाशी अडतो, हँडल मात्र लांब राहते. म्हणून जुना आखूड दांडा आणि मूळ स्टेम एका कापडी पिशवीत घालून, व्यास लिहिलेली चिठ्ठी आत टाकून, सायकलीबरोबरच पाठवावा.